प्रयोजन

बीड जिल्ह्यातल्या माणसाला घर सोडून लांब जाणं शिकवावं लागत नाही. दसरा झाला की गावंच्या गावं उठतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, ज्वारीची पोती, पाण्याचा ड्रम, ताडपत्री, कोपीसाठी, म्हणजे झोपडीसाठी बांबू, कोंबड्यांचं डालगं, एखादी शेळी आणि सगळ्यांच्या वर लेकरं, असा संसार चढतो आणि ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर थेट कर्नाटकात निघतो. पुढचे पाच-सहा महिने तोच पत्ता. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की परत. माझ्या आईवडिलांनी ही वाट कितीतरी वर्षं केली. आमचं गाव वडवणी तालुक्यात, डोंगरपट्ट्यात. शाळा बुडू नये म्हणून मी आजीजवळ मागं राहायचे. त्यामुळं कुणी निघताना दारात उभं राहणं मला चांगलं ठाऊक आहे. आपण निघणं ठाऊक नव्हतं.

या दिवाळीच्या सुट्टीत मी मॉरिशसला निघाले आहे, एकटी. पासपोर्ट पहिला, विमान पहिलं, परका देश पहिला. नेपाळला आमच्याकडची पुष्कळ माणसं जाऊन आली आहेत, पशुपतिनाथाच्या बसयात्रेनं. तिथं भारतीयांना पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्रावर जाता येतं, आणि बसमध्ये शेजारी आपल्याच गल्लीतलं कुणीतरी असतं. हे तसं नाही. म्हणून सकाळी लवकर उठते, घर जागं व्हायच्या आत चहा घेते आणि एका वहीत काय झालं, काय राहिलं ते लिहिते. लिहिता लिहिता असं दिसलं की कागद, पैसे, बॅग यांची तयारी वेळखाऊ असली तरी होते. खरी तयारी लागते ती एका प्रश्नाला उत्तर द्यायची. कशाला?

दूधवाले मामा विचारतात, शाळेतल्या मॅडम विचारतात, सासूबाई विचारतात. विचारण्यात वाकडं काही नाही. आपल्याकडं प्रवासाला कारण लागतं, कारण आपला प्रवास कायम कारणासाठीच झाला. ऊसतोडीला निघालेल्यांना कुणी कशाला म्हणून विचारत नाही. मजुरीची आगाऊ उचल घेतलेली असते, मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नोंद असते. ती नोंदही एकेकट्याची नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस आलं तर तो अर्धा कोयता. दुखण्यानं एक दिवस पडून राहिलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे अंगावर. माझी आई कृष्णाकाठापर्यंत जाऊन आली, पण ती कुठं गेली होती असं विचारलं तर ती गावाचं नाव सांगत नाही, कारखान्याचं सांगते. अंधारात फडात शिरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरून द्यायची, आणि रात्री परत कोपीवर. आजूबाजूला नदी होती, देवळं होती, बाजार होता. बघायला वेळ कुणाला होता?

दुसरं कारण देवाचं. मुक्ताबाईंची पालखी बीडमध्ये मुक्कामाला येते तेव्हा तिच्याबरोबर चालणाऱ्या बायका पाहाव्यात. सत्तरीच्या बायका शेकडो किलोमीटर पायी जातात, डोक्यावर तुळस, पाठीला वळकटी. त्यांना कुणी अडवत नाही, कारण विठ्ठलाचं नाव सगळे दरवाजे उघडतं. बाईला घराबाहेर पडायला इतकं भक्कम कारण दुसरं मिळालं नाही आणि आपल्या बायकांनी ते शतकानुशतकं जपून वापरलं, असं मला मनापासून वाटतं.

आणि तिसरं कारण बाळंतपण. हे नवं आहे, गेल्या तीस-चाळीस वर्षांतलं. मुली आणि मुलं शिकून अमेरिकेला, इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला गेली, तशा त्यांच्या आया एकट्यानं विमानात बसायला लागल्या. आमच्या कॉलनीतल्या एका काकूंना निघताना मी पाहिलं आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या. बॅगेत डिंकाचे लाडू, खारीक-खोबऱ्याची पूड, मेतकूट, येसर, बाळंतशोपा, मऊ जुन्या लुगड्याच्या दुपट्यांची घडी. हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात मुलानं इंग्रजीत लिहून पाठवलेला कागद: मला इंग्रजी येत नाही, माझं पुढचं विमान या नंबरचं आहे, कृपया मला त्या दारापर्यंत पोचवा. पायानं धडधाकट असूनही मुलानं त्यांच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती, म्हणजे एवढ्या मोठ्या विमानतळावर कुणीतरी हाताशी राहील. काकूंना ते आवडलं नव्हतं. चालता येत असताना बसायचं कशाला, म्हणत होत्या. तरी बसल्या आणि गेल्या. सहा महिने राहिल्या. परत आल्यावर मी विचारलं, काय काय पाहिलंत? त्या म्हणाल्या, बाळ पाहिलं. अजून? अजून त्यांच्या घराची मागची खिडकी, त्यातून दिसणारं झाड, त्याची पानं लाल होऊन गळाली आणि मग बर्फ पडला. एवढ्या एका खिडकीचं वर्णन त्यांनी इतकं सुरेख केलं की मला गलबलून आलं. बघायची किती ओढ होती त्या बाईला, आणि तिच्या तिकिटावर त्या ओढीचं नाव कुठं नव्हतं.

तर अशी तीन कारणं: पोटासाठी, देवासाठी, लेकरासाठी. तिन्ही मोठी. माझ्याजवळ त्यांपैकी एकही नाही. मला बघायचं आहे, एवढंच.

जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला परदेशी जायचं तर आधी परवानगी काढावी लागते, सुट्टीचे दिवस असले तरी. अर्जाच्या नमुन्यात एक रकाना असतो, परदेश दौऱ्याचे प्रयोजन. मी तिथं पर्यटन असं लिहिलं. अर्ज घेणारे बाबू भले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा वर करून एकदा कागदाकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, नातेवाईक वगैरे आहेत का तिकडं कुणी? असतील तर तसं लिहा, फाईल सरळ जाते.” नाहीत, म्हटलं. “मग मिस्टर सोबत?” नाहीत. “मग शैक्षणिक अभ्यास दौरा असं लिहायचं का?” माझ्या काळजीनंच सुचवत होते. खोटं लिहा असं त्यांना म्हणायचं नव्हतं. त्यांना माझ्यासाठी एक कारण शोधून द्यायचं होतं. मी म्हटलं, सर, पर्यटनच राहू द्या. त्यांनी शिक्का मारला. फाईल सरळच गेली.

वर्गातही तेच. पोरांनी विचारलं, मॅडम, तिकडं शर्यत आहे का? आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना परदेश म्हटलं की अविनाश साबळे आठवतात, आणि ते बरोबरच आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा, रोज काही किलोमीटर पायी शाळेत जायचा, बारावीनंतर सैन्यात भरती झाला, सियाचिनला राहिला, आणि २०२२मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक घेऊन आला, ८ मिनिटं ११.२० सेकंदांत. पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई स्पर्धेत सुवर्ण. मुलांच्या डोक्यात परदेशी जायचं म्हणजे काहीतरी जिंकून आणायचं. मॅडम काय आणणार? मी सांगितलं, काही आणणार नाही, जाऊन बघून येणार. एका मुलीनं विचारलं, असं नुसतं जाता येतं? तिच्या त्या ‘नुसतं’वर मी कितीतरी दिवस थांबले आहे.

१८८३ साली एका मराठी मुलीला हेच प्रश्न इतके विचारले गेले की तिला उत्तर द्यायला सभेत उभं राहावं लागलं. आनंदीबाई जोशी. त्यांचे पती गोपाळराव तेव्हा बंगालमधल्या श्रीरामपूरला टपाल खात्यात होते. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाई इंग्रजीतून बोलल्या. लोक आपल्याला काय काय विचारतात ते त्यांनी ओळीनं मांडलं आणि एकेकाला उत्तर दिलं. अमेरिकेला का जाता? इथं शिकता येत नाही का? आणि त्यातच हेही, एकट्या का जाता? उत्तर साधं होतं. दोघांनी जायचा विचार होता, पण तेवढा पैसा नव्हता आणि मागं माणसं सांभाळायची होती. दागिने मोडून भाड्याची सोय झाली. ३१ मार्चला त्यांना अठरा वर्षं पूर्ण झाली आणि ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. बोटीवर ओळखीच्या मिशनरी बायका होत्या, पण घरचं, नात्याचं कुणी नव्हतं. ४ जूनला न्यूयॉर्क. ११ मार्च १८८६ला डॉक्टर झाल्या, आणि त्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेत येऊन हजर होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ला आनंदीबाई पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

आपण त्यांची हिंमत सांगतो, सांगायलाच हवी. मी मात्र त्या भाषणाजवळ वेगळ्या कारणानं थांबते. त्यांचं कारण इतकं मोठं होतं की समोरच्याला बोलायला जागा उरली नाही. आपल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत, म्हणून मरतात. मी डॉक्टर होऊन येते. अशा कारणापुढं सभा गप्प होणारच. पण मग ज्या बाईजवळ एवढं मोठं कारण नाही तिचं काय? जिच्या जाण्यानं कुणाचा जीव वाचणार नाही, नुसतं तिचं मन भरणार आहे, तिनं किती वर्षं थांबायचं? रमाबाईंनी अमेरिकेतून परत आल्यावर त्या देशाच्या लोकस्थितीवर आणि प्रवासावर मराठीत आख्खं पुस्तक लिहिलं. ते लिहायचं तर डोळे उघडे ठेवून हिंडावं लागतं. म्हणजे मोठ्या कामासाठी गेलेल्या बाईलाही बघायचं होतंच. आणि अलीकडच्या काळात मीना प्रभूंनी ‘दक्षिणरंग’, ‘तुर्कनामा’, ‘इजिप्तायन’ अशी पुस्तकं लिहिली तेव्हा माझ्या पिढीतल्या कितीतरी जणींना पहिल्यांदा कळलं की मराठी बाई आपल्या मर्जीनं जग हिंडते आणि त्याबद्दल कुणाची माफी मागत नाही. मला ती पुस्तकं वाचनालयातून मिळाली. एकेक कितीदा आणलं असेल.

आता मॉरिशसच का, तेही सांगते. तिथं आपली माणसं ऊस तोडायला गेली होती. १८३४ ते १९२० या काळात जवळपास ५ लाख भारतीय मजूर करारावर त्या बेटावरच्या बंदरात उतरले. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशाकडचे आणि तमिळ-तेलुगू मुलखातले, पण मुंबईच्या बंदरातून मराठी माणसंही गेली, जास्त करून कोकणातली. पोर्ट लुईसमध्ये जिथं त्यांना उतरवायचे ती जागा आजही आहे, आप्रवासी घाट म्हणतात तिला. १८४९पासूनचा तो डेपो. २००६मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतला. मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत: नाव, बापाचं नाव, गाव, वय, उंची, अंगावरची खूण. १८६०च्या दशकापासून फोटोही. इथून नेणारा, तिथं कामावर उभा राहणारा तो सरदार. आमच्याकडं मुकादम. कराराची भाषा मजुराला वाचता येत नव्हती, आमच्याकडं उचलीचा हिशेबही कित्येकांना वाचता येत नाही.

त्यांची नातवंडं-पणतवंडं आज तिथं आहेत. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. शाळेत मराठी शिकायची सोय आहे. नोटांवर देवनागरीतही किंमत छापलेली असते. आणि ऊस अजून आहे. तिथला तोडणीचा हंगाम साधारण जूनपासून वर्षाच्या शेवटापर्यंत. म्हणजे मी पोचेन तेव्हा तिथं तोडणी चालू असेल, आणि त्याच दिवसांत इकडं वडवणी-धारूरच्या रस्त्यानं ट्रॉल्या निघालेल्या असतील.

हे सगळं मला खरोखर बघायचं आहे. तरी सकाळच्या त्या वहीत लिहिताना मनात आलं की यात मी स्वतःलाच एक कारण तर जोडून देत नाही? ऊसतोड्याची मुलगी उसाचं बेट बघायला चालली, असं म्हटलं की कशाला म्हणणारा माणूस मान हलवतो. मग ते पर्यटन राहत नाही, ती एक प्रकारची यात्रा होते. आणि यात्रेला परवानगी असतेच.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि तिच्यापासून मला तोंड फिरवायचं नाही. जाण्यायेण्याचं विमान चाळीस हजारांच्या घरात जातं. २०२४च्या जानेवारीत ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली तेव्हा दर टनाला ३६६ रुपये झाला. म्हणजे हे तिकीट सुमारे ११० टन उसाचं. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. दोन माणसांची दोन महिन्यांची मजुरी. हा हिशेब न करता जाणं मला जमलं नसतं. माझा पगार माझ्या कष्टाचा आहे, पोस्टातली आरडी मी भरली आहे, मुलांची शिक्षणं मार्गी लागली आहेत, हे सगळं खरं. तरी ज्या घरातून मी आले त्या घराचं माप माझ्या हातात आहे आणि ते टाकून द्यायचं नाही.

जायचं ठरल्याचं आईला सांगायला मी गावी गेले. मिस्टरांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले होते, मग मीही येतो की, आणि मी नको म्हटल्यावर जरा गप्प झाले होते आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पासपोर्टची झेरॉक्स काढून आणली होती. आईचं तसं होणार नव्हतं. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं, बेट, ऊस, घाट, वह्या. तिनं ऐकून घेतलं.

“येकटीच?”

“हो.”

“किती पैसं?”

मी सांगितलं. ती थोडा वेळ शेंगा फोडत राहिली. टनांचा हिशेब तिला माझ्यापेक्षा लवकर येतो.

“आन् तिथं ऊस बघायला चाललीस व्हय?”

“तोही बघेन.”

“ऊस काय बघायचा? ऊस म्या बघितला तेवढा बास हाय दोघींना. समुंदर हाय का तिथं?”

चहूकडून समुद्र आहे, म्हटलं. तिनं समुद्र पाहिलेला नाही. मी म्हटलं, तुला नेते, पासपोर्ट काढू, सुट्टी पुढची धरू. मी मनापासून म्हणत होते. तिनं मान हलवली. “मला गुडघं न्हाईत आता. आन् मी आले तर तू माझंच बघशील. समुंदर कोन बघंल?”

एकटीनं का जायचं, याचं इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. बाई कुणाबरोबरही गेली की तिचं निम्मं लक्ष बरोबरच्या माणसाकडं असतं. पाणी घेतलं का, गोळी घेतली का, भूक लागली असेल, दमले असतील. ते लक्ष ठेवणं कुणी लादलेलं नसतं, ते अंगात मुरलेलं असतं, आणि ते वाईट आहे असंही मी म्हणणार नाही. त्याच्यावरच घरं चालतात. पण आयुष्यात थोडे दिवस तरी आख्खे डोळे आपल्याजवळ असावेत. आईला ते कधी मिळाले नाहीत, आणि काय मिळालं नाही ते तिला पक्कं माहीत आहे.

त्यानंतर तयारीला वेग आला. पासपोर्टसाठी आता मुंबई-पुण्याला पळावं लागत नाही, बीडच्या टपाल कार्यालयातच काम होतं. आमच्या पिढीच्या बायकांची अडचण नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव मध्ये, आधार कार्डावर नवऱ्याचं. डिसेंबर २०१६मध्ये नियम सैल झाले, विवाह प्रमाणपत्राची सक्ती गेली, आईवडिलांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं असं झालं. पण सगळ्या कागदांवर अक्षरं जुळलेली असली की पुढचा त्रास वाचतो. आणि तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं, एकेक अक्षर. ज्या मैत्रिणी जायचं म्हणत आहेत त्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण मन तयार झालं आणि कागद अडला तर मन परत मागं सरतं. मॉरिशसला भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पोचल्यावर मिळतो, फी नाही. परतीचं तिकीट, राहायची जागा आणि खर्चापुरते पैसे दाखवता यायला हवेत. बँकेचं कार्ड परदेशात चालण्यासाठी आपण स्वतः सुरू करावं लागतं. फेब्रुवारी २०२४पासून तिथं आपलं यूपीआयही चालू झालं आहे. चार्जरला वेगळी पिन लागते, तिथं प्लग इंग्लंडसारखे. औषधं चिठ्ठीसकट. प्रवासाचा विमा. पासपोर्टचा फोटो फोनमध्ये आणि एक झेरॉक्स घरी.

तिथं मराठी शिकणारी माणसं आहेत हे कळल्यावर भाषेची भीती कमी झाली, रात्रीची नाही. परक्या गावात अंधार पडल्यावर काय, ही काळजी खोटी नाही आणि हसण्यावारी न्यायची नाही. म्हणून पहिल्या दोन रात्रींची जागा मी पोर्ट लुईसपासून जवळ, वस्तीत आणि एका कुटुंबानं चालवलेली घेतली आहे, विमान दिवसाउजेडी पोचेल असंच निवडलं आहे. त्यापेक्षा अवघड निघाली ती एक वेगळीच गोष्ट: एकटीनं हॉटेलात बसून जेवणं. इतक्या वर्षांत ते कधी केलंच नव्हतं. तर सरावाला म्हणून बीडमध्येच एका दुपारी गेले. गल्ल्यावरच्या माणसानं आपसूक फॅमिली रूमकडं हात केला. मी बाहेरच बसले, खिडकीजवळच्या टेबलावर. पोऱ्यानं पाण्याचे दोन ग्लास आणून ठेवले आणि विचारलं, “मावशी, अजून कोण यायलंय?” कुणी नाही, मी एकटीच. त्यानं दुसरा ग्लास उचलला नाही. दोन्ही भरले आणि ऑर्डर घेतली. पहिली दहा मिनिटं मी फोन बघत होते, मग फोन पर्समध्ये ठेवला. रस्त्यावर एसटी वळत होती, २०२३च्या मार्चपासून बायकांना तिकीट निम्मं झालं तशी एसटीत त्यांची गर्दी दिसते. खिडकीतून मी त्यांची तोंडं बघत राहिले. भाजी चांगली होती, तीही मी नीट चवीनं खाल्ली. घरी वाढता वाढता खाण्यात चव कळतच नाही.

घरच्यांचीही तयारी करून घ्यावी लागते. आपल्याकडं निघालेल्या माणसाला दर तासाला पोचलीस का, जेवलीस का, कुठं आहेस असे फोन जातात आणि त्यात माया असते. मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागं. मी सांगितलं आहे की रोज रात्री आपल्या साडेनऊला मीच फोन करीन, मधे कुणी करायचा नाही. मुलगी हो म्हणाली. सासूबाईंनी विचारलं, अन् काळजी वाटली तर? मी म्हटलं, वाटू द्या, मलाही तुमची वाटेल. त्यांनी बॅगेत ठेवायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून द्यायचं ठरवलं आहे. विमानात बसेपर्यंत दशम्या टिकतील, तेवढं पुरे.

मुंबईहून मॉरिशसचं विमान सहा तासांच्या आसपास आहे. बीडहून मुंबईला त्याहून जास्त वेळ लागतो. १९९५मध्ये मंजूर झालेली आपली रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ला अहिल्यानगरपर्यंत धावायला लागली, पण मुंबईसाठी आजही भरवसा बसचाच. विमान पहाटेचं, म्हणून आदल्या दिवशी सकाळचीच बस धरायची आहे. मिस्टर म्हणाले, मुंबईपर्यंत सोडायला येतो. मी त्यांना बसस्टँडपर्यंत या म्हटलं आहे.